दापोडीच्या बागेतला बिननावाचा चित्रकार

(भागाचं शब्दांकन. बोलताना अर्धवट राहिलेली वाक्यं पूर्ण केली आहेत, बाकी बोलणं जसंच्या तसं ठेवलं आहे.)

पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलमध्ये बसलात की शिवाजीनगर जातं, खडकी जातं, मग गाडी नदी ओलांडते आणि दापोडी येतं. आता तिथे मेट्रोचंही स्टेशन आहे. आपल्यापैकी कितीतरी जण रोज दापोडीवरून जातात. पण याच दापोडीत एके काळी सरकारी वनस्पती उद्यान होतं, तिथे बसून एका चित्रकाराने तीन-चार वर्षं फक्त झाडं रंगवली आणि ती सुमारे १७० चित्रं आज स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत, हे कुणी सांगितलं तर पटकन खरं वाटत नाही.

‘दापुरी ड्रॉइंग्ज’ या नावाने ती ओळखली जातात. दापोडीचं इंग्रजांनी केलेलं दापुरी. म्हणजे चित्रांना गावाचं नाव मिळालं. ज्याने ती काढून घेतली त्या साहेबाचं नाव माहीत आहे. चित्रातल्या प्रत्येक झाडाला लॅटिन नाव आहे. नाव नाही ते फक्त चित्रकाराचं. आजचा भाग त्याच्याबद्दल आहे. आता ज्याचं नावच माहीत नाही त्याच्यावर अख्खा भाग कसा करायचा, असं तुम्ही म्हणाल. बघू या.

आधी जागा समजून घेऊ. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी इंग्रजी पद्धतीने कवायत शिकवलेली एक पलटण होती आणि तिचा प्रमुख होता कॅप्टन फोर्ड. पलटणीचा तळ दापोडीला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, तेव्हा ही पलटण दापोडीहून निघाली आणि इंग्रजांना जाऊन मिळाली. पेशव्यांच्या पैशांवर उभी राहिलेली पलटण पेशव्यांवरच चालून आली. फोर्डचा स्नेही मोरो दीक्षित त्या दिवशी पेशव्यांच्या बाजूने याच पलटणीशी लढताना पडला. पुढे पेशवाई गेली. फोर्डने दापोडीला हौसेने बांधलेला बंगला आणि भोवतालची जमीन मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळात, १८२०च्या दशकाच्या अखेरीस, सरकारने विकत घेतली. गव्हर्नरला पावसाळ्यात राहायला बंगला झाला आणि त्याला लागून वनस्पती उद्यान उभं राहिलं.

वनस्पती उद्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बाकडी आणि कारंजं येतं. तेव्हाचं वनस्पती उद्यान म्हणजे एक प्रकारचं सरकारी खातंच होतं. बाहेरदेशची झाडं इथल्या हवेत जगतात का, हे तिथे लावून बघायचं. कापूस कुठला चांगला येतो, इमारती लाकूड कुठलं मिळेल, औषधी वनस्पती इथेच पिकवल्या तर विलायतेहून मागवायचा खर्च वाचेल का, असे सगळे हिशेब तिथे मांडले जायचे. त्यातून बी आणि रोपं जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवली जायची.

१८३८ साली या बागेचा कारभार अलेक्झांडर गिब्सन याच्याकडे आला. हा स्कॉटिश माणूस, जन्म १८००चा, कंपनी सरकारच्या नोकरीतला डॉक्टर. त्याआधी तो दख्खन आणि खानदेशात देवी टोचायचं काम बघत होता, म्हणजे गावोगाव हिंडलेला. त्याने हिंदुस्थानी, मराठी आणि गुजराती भाषांचा अभ्यास केला होता. दापोडीच्या जोडीला त्याने जुन्नरजवळ हिवरे इथेही बाग उभी केली आणि तिथे सोनामुखीसारख्या औषधी वनस्पती लावल्या. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा जंगल संरक्षक झाला. जंगलं अशीच तुटत राहिली तर झरे आटतील, हवामान बिघडेल, असं सरकारला लिहून कळवणाऱ्या सुरुवातीच्या अधिकाऱ्यांत त्याची गणना होते. जंगलराखणीचा हाच सरकारी कारभार पुढे डोंगरातल्या माणसांना किती जाचक झाला, तो एक स्वतंत्र विषय आहे. त्यावर कधीतरी वेगळा भाग करू.

तर १८४७ ते १८५० या काळात गिब्सनने बागेतल्या झाडांची चित्रं काढून घ्यायला एक चित्रकार ठेवला. त्याच्याबद्दल हाती लागतं ते एवढंच, की तो पोर्तुगीज-भारतीय होता. तेव्हाच्या इंग्रजी दप्तरात ‘पोर्तुगीज’ म्हटलं की गोव्याचा ख्रिस्ती माणूस असू शकतो, वसईकडचा असू शकतो, मुंबईतलाही असू शकतो. पण बहुधा आपल्याच किनाऱ्यावरचा कुणीतरी.

मंडळी, या माणसाचं नाव नाही, पण त्याचं काम काय होतं ते नीट सांगता येतं. कारण वनस्पतीचं शास्त्रीय चित्र काढायची एक ठरलेली रीत आहे आणि ती आजही फारशी बदललेली नाही.

फांदी सकाळी लवकर कापून आणायची. ती आणली की घड्याळ सुरू झालं, कारण फूल थांबत नाही. दापोडीच्या एप्रिलमध्ये तर अजिबात नाही. म्हणून आधी फूल, मग कळ्या आणि पानं शेवटी. पेन्सिलीने बाह्यरेषा काढायची, शक्यतो झाडाच्या खऱ्या मापाची. पान हाताच्या वितीएवढं असेल तर कागदावरही तेवढंच. त्यावर पाण्यात कालवलेले रंग. हिरवा रंग सगळ्यांत त्रासदायक. कोवळ्या पानाचा वेगळा, जून पानाचा वेगळा, पानाच्या पाठीचा तर तिसराच. म्हणून निदान एक पान मुद्दाम उलटं वळवून दाखवायचं, म्हणजे पाठीचा रंग, लव आणि शिरा दिसतात. पार्श्वभूमी नाही, सावली नाही, आभाळ नाही. पांढरा कागद आणि त्यावर झाड.

आणि मग अवघड भाग. फूल उभं चिरून आत बघायचं. पुंकेसर किती, ते पाकळ्यांना चिकटलेले की सुटे? बीजांडकोशाला कप्पे किती? भिंग डोळ्याला लावून हे मोजायचं आणि कागदाच्या तळाशी मोठं करून काढायचं. इथे एक पुंकेसर कमी निघाला तर वनस्पतिशास्त्रज्ञ ते झाड भलत्याच कुळात टाकेल.

आता यात एक गंमत आहे. समोरच्या फांदीवर एका पानाला किडीने भोक पाडलंय. ते काढायचं का? काढायचं नाही. कारण चित्र त्या एका फांदीचं नाही, त्या जातीचं आहे. पण पानाची कड जरा नागमोडी आहे, ती मात्र सोडायची नाही, कारण कदाचित तीच या जातीची खूण असेल. कुठली गोष्ट त्या फांदीपुरती आणि कुठली अख्ख्या जातीची, हे चित्रकाराने ठरवायचं असतं. शिवाय फूल फाल्गुनात आणि फळ ज्येष्ठात येत असेल तरी दोन्ही एकाच कागदावर आणायची. फोटोत हे एका झटक्यात जमत नाही. फोटोत एक फूल, एक क्षण येतो. म्हणूनच कॅमेरे येऊन पावणेदोनशे वर्षं झाली तरी वनस्पतीची नवी जात जाहीर करताना शास्त्रज्ञ अजूनही रेखाचित्र जोडतात.

मुद्दा हा, की हा माणूस नुसती नक्कल करत नव्हता. झाड समजून घेतल्याशिवाय असं चित्र निघतच नाही. म्हणजे तोही अभ्यासकच होता. त्याचा अभ्यास शब्दांत नाही, रेषेत आहे, एवढंच.

तुम्ही म्हणाल, झाड वाळवून कागदावर चिकटवून ठेवतात ना, मग चित्र कशाला? बरोबर आहे, तशी शुष्कसंग्रहाची पद्धत आहेच. पण वाळलेल्या नमुन्याचा रंग उडतो. मांसल झाडं, आमरी, केळीची जात, ही दाबली की त्यांचा आकारच जातो. आणि नारळ कसा दाबणार?

हसू नका, नारळाचंच उदाहरण द्यायचं आहे मला. आपण ज्याला नारळ म्हणतो त्याचं शास्त्रीय नाव कोकोस न्यूसिफेरा. प्रत्येक शास्त्रीय नावामागे एक आधार लागतो, की हे नाव नेमकं याचं. सहसा तो आधार म्हणजे वाळवलेला नमुना. पण नारळाच्या नावाचा आधार म्हणजे एक छापील चित्र आहे. १६७८ मध्ये ॲमस्टरडॅमला छापलेल्या ‘हॉर्टस मलाबारिकस’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडातली अगदी सुरुवातीची चित्रं. जगात कुठेही नारळाचं शास्त्रीय नाव घ्या, ते शेवटी कोचीनमध्ये काढलेल्या त्या चित्रांवर येऊन टेकतं.

हा ग्रंथ आपल्याला आणखी एका कारणाने जवळचा आहे. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने तो तयार करून घेतला. बारा खंड, १६७८ ते १६९३. झाडांची माहिती दिली ती मल्याळी वैद्य इट्टी अच्युदन याने आणि तीन कोकणी ब्राह्मणांनी: रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट. हे गोव्याहून कोचीनला गेलेल्या समाजातले. त्यांनी या कामाबद्दल लिहून दिलेला दाखला पहिल्या खंडात नागरी लिपीत, कोकणीत, जसाच्या तसा छापला आहे. एवढंच नाही, चित्रांवर लॅटिन, मल्याळी आणि अरबी अक्षरांबरोबर देवनागरीतही झाडांची नावं कोरलेली आहेत. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या हॉलंडमध्ये, तांब्याच्या पत्र्यावर, आपली अक्षरं.

आता नावांकडे येऊ. आजच्या भागाचा मुद्दा तोच आहे.

वनस्पतिशास्त्राइतकं नावांबद्दल काटेकोर शास्त्र क्वचित असेल. झाडाच्या नावापाठोपाठ, ज्याने ते नाव पहिल्यांदा दिलं त्याचं नाव लिहायचा नियम आहे. झाडालाही माणसाचं नाव देतात. कासला किंवा महाबळेश्वरला पावसाळ्यात पिवळ्या फुलांचा तेरडा दिसतो ना, त्याचं नाव इम्पेशन्स डाल्झेली. निकोल डाल्झेल या इंग्रज सरकारच्या अधिकाऱ्यावरून. शिवनेरीच्या कड्यावर सापडणारं शिवसुमन आपल्याला माहीत आहे, त्याला डाल्झेलने फ्रेरिया इंडिका हे नाव दिलं, गव्हर्नर बार्टल फ्रिअरवरून. नाव देणारा नोंदला जातो, ज्याच्यावरून दिलं तोही नोंदला जातो. ज्याने ते झाड पहिल्यांदा नीट बघून कागदावर आणलं त्याच्यासाठी मात्र या पद्धतीत जागाच नाही.

यावर एक उत्तर नेहमी येतं, की त्या काळी तशीच रीत होती. हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही आणि का ते सांगतो.

दापोडीच्या सव्वादोनशे वर्षं आधी बादशहा जहांगीराच्या पदरी उस्ताद मन्सूर होता. काश्मीरमध्ये मन्सूरने शंभरावर फुलं रंगवली, असं जहांगीर स्वतःच्या आठवणींत नावानिशी लिहितो. त्याला त्याने ‘नादिर-उल-अस्र’, म्हणजे या युगातलं आश्चर्य, असा किताबही दिला. म्हणजे बादशहाला चित्रकाराचं नाव लिहिण्यात कमीपणा वाटला नाही.

बरं, बादशहाचं सोडा. कंपनी सरकारच्याच काळात कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात विल्यम रॉक्सबर्गने अडीच हजारांवर चित्रं काढून घेतली. काढणारे कोण? नावं नाहीत. पण त्याच बागेचा पुढचा अधिकारी नॅथॅनिएल वॉलिच, त्याच्या १८३० ते ३२ मध्ये निघालेल्या ग्रंथात विष्णुप्रसाद आणि गोराचंद यांची नावं चित्रांवर येतात. ब्रह्मदेशात सापडलेल्या ॲम्हर्स्टिया नोबिलिसचं चित्र विष्णुप्रसादचं. हे झाड आपल्याकडेही आहे. मराठीत त्याला उर्वशी म्हणतात आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत ते फुललेलं बघायला लोक मुद्दाम जातात. एका गव्हर्नर जनरलच्या बायकोचं आणि मुलीचं आडनाव त्या झाडाला कायमचं चिकटलं. विष्णुप्रसाद मात्र चित्राच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात. पण निदान आहे.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं उदाहरण मद्रासचं. रॉबर्ट वाइट. हाही स्कॉटिश, हाही कंपनीचा डॉक्टर, गिब्सनच्याच पिढीतला. त्याच्याकडे आधी रंगय्या आणि मग गोविंदू असे दोन चित्रकार होते. वाइट दगडावरची छपाई स्वतः शिकला आणि १८५३ पर्यंत त्याने दोन हजार शंभरावर चित्रांचा मोठा ग्रंथ पूर्ण केला. चित्रांवर चित्रकारांची नावं घातली. आणि शेवटी एका आमरीच्या प्रजातीला त्याने नाव दिलं गोविंदूइया. आपल्या चित्रकाराचं नाव! पुढे शास्त्रज्ञांनी ती प्रजाती ट्रॉपिडिया या आधीच्या नावात मिसळून टाकली, त्यामुळे आज ते नाव वापरात नाही. पण जुन्या नावांच्या यादीत गोविंदू आहे आणि राहील.

म्हणजे बघा. त्याच सरकारच्या नोकरीत, त्याच काळात, त्याच हुद्द्याचा एक माणूस आपल्या चित्रकाराचं नाव लिहितो आणि दुसरा लिहीत नाही. तेव्हा ही नुसती काळाची रीत नव्हती. लिहिणं शक्य होतं आणि लिहिलं गेलं नाही. गिब्सन वाईट माणूस होता असं मला म्हणायचं नाही. चित्रकाराला कामावर ठेवून ही चित्रं करवून घेतली ती त्यानेच, म्हणून तर ती आहेत. पण ते एक नाव एका ओळीत लिहायचं राहिलं आणि आता ते कुणालाच लिहिता येत नाही.

दापोडीच्या बागेचं पुढे काय झालं? ज्या फ्रिअरचं नाव शिवसुमनाला मिळालं, त्याच्याच कारकिर्दीत गणेशखिंडीला नवा, मोठा गव्हर्नर बंगला बांधायला घेतला. तीच आजची पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. दापोडीची गरज संपली आणि १८६५च्या सुमारास ती मिळकत विकून टाकली. १८७३ मध्ये गणेशखिंडीला नवी बाग सुरू झाली. ती आजही आहे आणि २०२० मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं गेलं. दरम्यान १८६१ मध्ये डाल्झेल आणि गिब्सन यांनी मिळून ‘बॉम्बे फ्लोरा’ हे पुस्तक काढलं, भायखळ्याच्या छापखान्यात. आपल्या भागातल्या वनस्पतींचं ते पायाभूत पुस्तक. पण त्यात नुसती वर्णनं आहेत, चित्रं नाहीत. दापोडीची चित्रं छापली गेलीच नाहीत. ती एडिंबरोला पोचली आणि तिथल्या संग्रहात राहिली. दीडशे वर्षांनी, २००२ साली, तिथले वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री नोल्टी यांनी त्यांवर एक सविस्तर पुस्तक प्रसिद्ध केलं, तेव्हा जगाला आणि आपल्यालाही ती दिसली.

त्या चित्रांत सह्याद्रीतलीच झाडं असतील असं समजू नका. बाग सरकारी, प्रयोगाची, त्यामुळे परदेशाहून आणून लावलेली फुलझाडंही बरीच आहेत. आपल्या किनाऱ्यावरचा माणूस दापोडीत बसून दूरदेशची फुलं रंगवत होता. ती त्याने आयुष्यात पहिल्यांदाच बघितली असणार. पाकळी मोजायला पाठीशी कुठलं जुनं चित्र नाही, घराण्याचा नमुना नाही. समोर फूल, हातात कुंचला आणि दुपारपर्यंतचा वेळ.

ही कला संपली असं वाटेल, पण नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत वनस्पती चित्रकारांची संस्था स्थापन झाली. २००८ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानात फक्त याच कलेसाठी शर्ली शेरवुड यांच्या नावाचं दालन उघडलं आणि त्यांच्या संग्रहात महावीर स्वामी, जग्गू प्रसाद या राजस्थानी लघुचित्रांच्या परंपरेतल्या चित्रकारांची कामं आहेत. १८ मे २०१८ रोजी पंचवीस देशांत एकाच वेळी वनस्पतिचित्रांचा दिवस साजरा झाला. प्रत्येकाने आपापल्या देशातली झाडं रंगवायची, अशी कल्पना. आणि आपल्या पश्चिम घाटाच्या झाडांवर २०१८ मध्येच ‘पिलर्स ऑफ लाइफ’ हे पुस्तक आलं. त्यातली चित्रं बंगळुरूच्या निरुपा राव यांची आहेत. चाळीस मीटर उंचीचं झाड पानावर कसं बसवायचं, हा प्रश्न त्यांच्यासमोर होता. दापोडीच्या चित्रकाराची फांदी निदान टेबलावर मावत होती! फरक मोठा आहे तो असा, की इथे चित्रकाराचं नाव पुस्तकावर आहे, लेखकांच्या बरोबरीने.

थांबतो आता. जाता जाता दोन गोष्टी. एडिंबरोच्या संग्रहातली काही चित्रं इंटरनेटवर बघायला मिळतात. बघाल तेव्हा खालची लॅटिन नावं वाचू नका, आधी पानांच्या कडा बघा. तिथे तो माणूस भेटतो. आणि दुसरी. आपण रोज कुणाची तरी चित्रं, कुणाचे तरी फोटो पुढे पाठवत असतो, गणपतीत, दिवाळीत, पावसाळ्यात कासच्या फुलांचे. काढणाऱ्याचं नाव ठाऊक असेल तर ते सोबत लिहा. एका ओळीचं काम आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुन्या पिढीतल्या गोव्याच्या, वसईच्या किंवा मुंबईच्या एखाद्या चित्रकाराची आठवण, कागद, वही असं काही असेल, तर आम्हाला जरूर कळवा. दापोडीचा तो माणूस त्यात सापडेलच असं नाही. पण दुसरा कुणीतरी सापडेल.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.